परतबोल

प्रयोगशाळेतल्या पडद्यावरून डॉ. हेमांगी घैसास हिला कोणीतरी तिच्याच आवाजात फटकारले, आणि तिला आश्चर्य वाटण्याआधी रागच आला.

“तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारते आहेस,” आवाज म्हणाला. “शेवग्याच्या शेंगा मिळाल्या तर आमटी करीन. नाही मिळाल्या तर पिठलं. अजून किती वेळा सांगू?”

हेमांगीने मान वर केली. “माझं बोलणं इतकं तुसडं आहे?”

“आहे की,” शेजारी उभे असलेले डॉ. विश्राम लोटलीकर आनंदाने म्हणाले. “म्हणून तर मी खूश आहे.”

लोटलीकरांनी या यंत्रात उमेदीची सगळी वर्षे घातली होती. यंत्राचा विषय निघाला की ते पहिल्या नातवाचे कौतुक सांगणाऱ्या आजोबांसारखे होऊन जात. समोरच्याला घाई असली तरी सोडत नसत. हेमांगीचे काम नेमके उलटे होते. नवकुंडात लोकांच्या जिवाशी संबंध असलेले कोणतेही नवे यंत्र पडताळणी प्रमुखाच्या संमतीशिवाय सुरू करता येत नसे, आणि गेली बारा वर्षे पडताळणी प्रमुख ती होती. नको तिथे नाक खुपसण्याचा तिला पगार मिळतो, असे लोक म्हणत. तिला ते मान्य होते.

“पुन्हा एकदा सांगा,” ती म्हणाली. “मी शाळेतली मुलगी आहे असं समजून सांगा.”

“याला आपण प्रतिमन म्हणतो. नक्कल नव्हे हं! नक्कल तुम्ही काल जे बोललात ते बोलते. प्रतिमन तुम्ही उद्या काय बोलाल ते बोलतं. आपल्या प्रत्येकाच्या मनगटावर लहानपणापासून सोबती नावाचं यंत्र असतं. आपण कधी चिडलो, कशाला घाबरलो, भांडण झाल्यावर आधी कोण बोललं, बाजारात काय हातात घेऊन परत ठेवलं, हे सगळं त्याला ठाऊक असतं. मी त्यातून माणसाच्या निर्णयाची घडण शोधून काढतो. नवकुंडातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचं प्रतिमन तयार आहे. गेल्या वर्षभरात वस्तीत जितके प्रश्न मताला आले, त्या सगळ्यांत शंभरातल्या सत्त्याण्णवांचं मत आम्ही आधीच बरोबर सांगितलं होतं.”

“आणि उरलेले तीन?”

“त्या तिघांना नंतर विचारलं, तर दोघं म्हणाले की चुकून भलतंच बटण दाबलं.”

हेमांगीला हसू आले. “अट काही आहे का? प्रत्येक यंत्राला एखादी अट असतेच.”

“एकच. त्याला परिस्थिती खरी सांगायची. माणसाला जे ठाऊक असेल ते सगळं त्यालाही ठाऊक हवं. तेवढं पाळलं, की तो माणूस जे करील तेच प्रतिमन करणार. हाताच्या काकणाला आरसा कशाला, बाई? तुमची आमटी तुम्ही ऐकलीतच.”

एरवी हेमांगीनेही त्या यंत्राचे कौतुक केले असते. साथ पसरली तर लोक कसे वागतील, नवा बोगदा कुठे खणावा, हे आधी कळले तर कोणाला नको आहे? पण हे यंत्र तिच्याकडे पडताळणीला आले होते ते अशा कामासाठी नव्हे. ते युद्ध पुकारण्यासाठी आले होते.

नवकुंड ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची भूमिगत वस्ती. साठ हजार माणसे, बावीस बोगदे, आणि पाण्याला एकच आधार: काळडोह. कधीही ऊन न पडलेल्या त्या विवरात बर्फ होता, आणि त्याच्या पलीकडच्या काठावर रुद्रकडा नावाची दुसरी वस्ती होती. दोन्ही वस्त्या तोच बर्फ काढत, एकमेकींच्या नावाने बोटे मोडत आणि एकमेकींत मुली देत-घेत. पंधरा दिवसांपूर्वी काळडोहावरचे नवकुंडाचे उपसाकेंद्र फुटले आणि दोन कामगार मेले. चौकशी पथकाने विवरात उतरून तपास करायला तीन आठवडे मागितले. अध्यक्ष यशोधन कारखानीस यांनी त्याच दिवशी जाहीर केले की हे रुद्रकड्याचे कृत्य आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे हेमांगी तेव्हा जेवताना म्हणाली होती. पण बोगद्याबोगद्यांत संताप इतका होता की बाहेर ते कोणी ऐकून घेतले नसते.

अध्यक्षांना अडवत होता तो फक्त घटनेतला एक नियम. कोणी हल्ला केला तर प्रतिकार करायला नवकुंडाच्या सरकारला कोणाला विचारावे लागत नाही. मात्र आपण होऊन हल्ला करायचा असेल, तर प्रत्येक प्रौढ रहिवाशाला विचारायचे आणि निम्म्याहून अधिक रहिवाशांनी ‘हो’ म्हटले तरच पाऊल उचलायचे. याला पृच्छा म्हणत. पृच्छेचे अधिकारी बोगद्याबोगद्यात जात, प्रत्येकासमोर बसत. नऊ दिवस लागत.

नऊ दिवस कारखानिसांना नको होते. त्यांच्या पक्षाने विधिसभेत ठराव आणला: ‘प्रतिमनाचे मत हेच रहिवाशाचे मत समजले जाईल आणि रहिवाशास पुन्हा विचारले जाणार नाही.’ एका दुपारी तो मंजूरही झाला. विरोधकांच्या समाधानासाठी शेवटी एक शेपूट जोडले गेले, की मतदान पृच्छेच्या सर्व रिवाजांप्रमाणे झाले आहे असे पडताळणी प्रमुखाने प्रमाणित करावे. शेपटाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

त्या दिवशी हेमांगी घरी आली तेव्हा कावेरी जेवणाच्या टेबलाशी बसून हाताला लागलेले वंगण पुसत होती. कावेरी तिची एकुलती एक मुलगी, तेविसाव्या वर्षी काळडोहावर हिमवाहक चालवणारी. बर्फाची भली मोठी ढेकळे लादून विवराच्या उतारावरून वर यायचे, हे तिचे काम.

“आज वाहक रिकामाच आणला,” कावेरी म्हणाली. “मागची पेटी काढून टाकली त्यांनी. तिथे तोफ बसवतायत.”

हेमांगी उभीच राहिली. “तुझ्या वाहकावर?”

“सगळ्यांच्याच. पण उतार सगळ्यांत चांगला मला माहीत आहे, म्हणून पहिली गाडी माझी.” हे तिने जरा ऐटीतच सांगितले, आणि मग आईचा चेहरा पाहून आवाज खाली आणला. “आई, मेलेल्यांतला एक माझ्या पाळीतला होता. रोज माझ्या डब्यातलं लोणचं खायचा. रुद्रकड्यानं केलं असेल तर मी जाणार. तू मला अडवू नकोस.”

“केलं असेल तर.”

“हो, केलं असेल तर! पण ते ठरवायला मला कुणी विचारलंय कुठे? आमच्या बोगद्यात परवा पृच्छेची माणसं यायची होती. आता म्हणे येणार नाहीत. तुमचं मत आमच्याकडे आहे, असं सांगितलं.” तिने फडके टेबलावर आपटले. “माझं मत त्यांच्याकडे कसं? मी तर अजून ठरवते आहे.”

हेमांगीने तिच्यासमोर ताट ठेवले आणि स्वतः न जेवताच बसून राहिली. लोटलीकरांच्या प्राथमिक चाचणीचा निकाल तिने सकाळीच पाहिला होता. शंभरातली अठ्ठावन्न प्रतिमने युद्धाला ‘हो’ म्हणत होती. उद्याच्या उद्या मतदान झाले, तर परवा तिची पोर त्या उतारावरून सर्वांत पुढे जाणार होती, आणि त्याला प्रमाणपत्र आईचे असणार होते. प्रमाणपत्र नाकारावे, तर तिला दूर करून दुसऱ्या कोणाला तरी बसवायला कारखानिसांना एक तास पुरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष स्वतः प्रयोगशाळेत आले. कारखानीस दिसायला देखणे, बोलायला गोड. समोरच्याचे नाव आणि त्याच्या मुलांची नावे लक्षात ठेवण्याची कला त्यांना अवगत होती. त्यांनी कावेरीची चौकशी केली, तेव्हा हेमांगीच्या अंगावर काटा आला.

“डॉक्टर, उशीर कशासाठी?” ते म्हणाले. “रुद्रकड्याचं क्षेपणास्त्र इथे यायला बारा मिनिटं लागतात. शस्त्रं विजेच्या वेगानं चालणार आणि लोकशाही बैलगाडीनं? या जमान्यात टिकायचं असेल तर तिलाही वेग हवा. हे यंत्र लोकांचं मत काढून घेत नाही. उलट एका पळात, एकालाही न वगळता, सगळ्यांचं मत मोजतं. याहून शुद्ध लोकशाही कुठे पाहिलीत?”

“ते मारणार असतील तर पृच्छा लागतच नाही, साहेब,” हेमांगी म्हणाली. “ती आपण मारणार असू तर लागते. आणि नऊ दिवस वाया जातात असं तुम्ही म्हणता. ते नऊ दिवस ब्रेक आहेत. ब्रेकनं वेग कमी होतो म्हणून ते काढून टाकणारा हिमवाहकाचा चालक मला दाखवा. काळडोहाच्या तळाशी सापडेल.”

लोटलीकर खोकल्यासारखे करून हसले. अध्यक्षही हसले, पण डोळे हसले नाहीत.

“लोकांचं मत आपल्याला ठाऊक आहे. अठ्ठावन्न टक्के.”

“तुम्हाला मत नकोच आहे. होकार हवा आहे,” हेमांगी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटले, फार झाले. पण बाण सुटला होता. “बरं, मी अडवणार नाही. ठरावात लिहिलंय की पृच्छेच्या सर्व रिवाजांप्रमाणे. ते पाळा, मी या क्षणी प्रमाणित करते.”

“कोणते रिवाज राहिले?”

“परतबोल.”

नवकुंडात परतबोल माहीत नाही असा माणूस नव्हता. पहिली माणसे इथे आली ती बोगदे खणणारी. बाहेर हवा नाही. एक झडप चुकीची उघडली की बोगदाभर माणसे मरणार. म्हणून त्यांनी एक शिस्त लावून घेतली. झडप उघडण्याचा हुकूम मिळाला, तरी तो मिळालेल्या माणसाने आधी तीन गोष्टी मोठ्याने परत बोलून दाखवायच्या: मी कोण, मला काय करायला सांगितले आहे, आणि झडपेपलीकडे कोण आहे. उत्तर चुकले तर हुकूम देणारा ते दुरुस्त करणार, आणि तिन्ही बरोबर आल्याशिवाय हात चाकाला लागणार नाही. दुसऱ्याच्या नावावर परतबोल करणाऱ्याला तर पुन्हा आयुष्यात झडपेजवळ उभे करत नसत. पोरे शाळेत बेरीज शिकण्याआधी हे शिकत. लग्नातसुद्धा नवरानवरी परतबोल करत आणि तिसऱ्या प्रश्नाला सासूचे नाव घेऊन हशा पिकवत. पुढे घटना लिहिली गेली तेव्हा युद्ध हीसुद्धा एक मोठी झडपच म्हणून पृच्छेत परतबोल आला. आधी परतबोल, मग मत.

“ती निव्वळ औपचारिकता आहे,” कारखानीस म्हणाले. “यंत्राला कशाला हवी?”

“हवी असं ठराव म्हणतो. मी नाही.”

हेमांगीचा हिशेब साधा होता. माणसे रागात हो म्हणतात. पण ‘पलीकडे कोण आहे’ याचे उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यायला लागले, की काहींचा आवाज अडखळतो. रुद्रकड्यात कोणाची बहीण दिली आहे, कोणाचा जुना मित्र आहे. त्या तिसऱ्या प्रश्नावर अठ्ठावन्नातले नऊ जरी फिरले, तरी कावेरीचा वाहक जागचा हलणार नव्हता. आशा तेवढीच होती, आणि ती फार नव्हती.

अध्यक्षांनी लोटलीकरांकडे पाहिले. “परतबोलानं निकाल बदलेल का?”

इथे लोटलीकरांचा अभिमान मध्ये आला. “बदलायचा काय संबंध? प्रतिमन खऱ्या माणसासारखं वागतं, साहेब. खरा माणूस परतबोल करून हो म्हणणार असेल तर तेही म्हणेल. एखादा टक्का इकडे-तिकडे. फक्त एक आहे,” ते हनुवटी खाजवत म्हणाले, “पहिल्या प्रश्नाला ते माणसाचं नाव सांगणार. ते चुकीचं आहे. रिवाजाप्रमाणे दुरुस्त करावं लागेल. विधिसभेच्या ठरावाचं वाक्यच ऐकवू, म्हणजे कुणाची तक्रार नको.”

“ऐकवा,” कारखानीस म्हणाले. “आणि हे सगळं प्रत्येक बोगद्यात दाखवा. लोकांना आपलं मत आपल्या डोळ्यांनी पाहू द्या.”

दुपारी विधिसभेच्या सभागृहात मोठा पडदा लागला. बोगद्याबोगद्यांतल्या चौकांत माणसे जमली होती. हिमवाहकांच्या तळावर कावेरी आणि तिच्या पाळीतली मंडळी तोफांखाली बसून पाहत होती. हेमांगी व्यासपीठाच्या कडेला उभी होती. तिने हाताची घडी घातली होती.

लोटलीकरांनी कळ दाबली. पडद्यावर तीन रकाने उघडले: होकार, नकार, परतबोल अपूर्ण. एका पळात आकडे पळायला हवे होते. होकार शून्यावर होता. नकारही शून्यावर होता. तिसरा रकाना मात्र भराभर चढत होता.

“वेळ लागतोय,” अध्यक्ष म्हणाले.

“लागायला नको,” लोटलीकर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला. “तिसऱ्या प्रश्नापर्यंत अजून कुणी पोचलेलंच नाही. सगळे पहिल्यावर अडलेत.”

“अडलेत म्हणजे? उत्तरं ऐकवा.”

लोटलीकरांनी हाताला येईल ते प्रतिमन उघडले. सातव्या बोगद्यातल्या यमुना वाघचौरे यांचा खणखणीत आवाज सभागृहात घुमला.

“मी यमुना नाही म्हणता? तिचं प्रतिमन आहे म्हणता? मग मला काय विचारताय, यमुनेला विचारा की! घरीच असेल या वेळेला. दार वाजवायला हात दुखतात का तुमचे?”

कुठेतरी कोणीतरी फिसकन हसले. लोटलीकरांनी घाईघाईने दुसरे उघडले.

“अहो, दुसऱ्याच्या नावावर परतबोल करायचा नसतो,” एक म्हातारा आवाज समजुतीने म्हणाला. “माझ्या बापानं झडपेच्या चाकावरचा माझा हात झटकून मला शिकवलंय ते. बापूराव जिवंत आहे ना? मग त्याच्या नावानं मी तोंड उघडणार नाही. मेला असेल तर त्याला मतच नाही.”

तिसरे प्रतिमन भडकलेले होते. “युद्ध झालंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे! रुद्रकड्याला धडा शिकवा! पण ते मला येऊन विचारा. मला म्हणजे त्याला. असलं चोरून घेतलेलं मत मी देणार नाही, जा!”

आता लोकांना आवरणे कठीण झाले. चौकाचौकांतून हास्याचा लोंढा आला. यमुनाबाई सातव्या बोगद्यात उभ्या राहून “अगदी हेच म्हणणार होते मी!” असे ओरडत असल्याचे पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होते. हेमांगी मात्र हसत नव्हती. तिच्या लक्षात आता सारे येत होते आणि तिचे डोळे भरून आले. तिने तिसऱ्या प्रश्नावर भिस्त ठेवली होती. माणसांनी तिला पहिल्यावरच मागे टाकले होते.

आकडा थांबला. शंभरातल्या एक्याण्णव प्रतिमनांनी परतबोल नाकारला होता; उरलेल्या नवांनी हो म्हटले काय किंवा नाही म्हटले काय, निम्म्याला ते पुरत नव्हते.

“यंत्र बिघडलं आहे,” कारखानीस कडक आवाजात म्हणाले. “हा निकाल ग्राह्य धरता येत नाही. लोटलीकर, परतबोल वगळून पुन्हा घ्या. प्रतिमनांना काही सांगू नका.”

हेमांगी पुढे आली.

“न सांगता घेतलेलं मत पृच्छेच्या रिवाजात बसत नाही. ते मी प्रमाणित करणार नाही,” ती म्हणाली. “आणि न सांगितलं तर त्यांना परिस्थिती खोटी सांगितली असं होईल. मग यंत्राची अटच मोडली. काय हो, लोटलीकर?”

“मोडली,” लोटलीकर म्हणाले.

“साहेब, आता हे यंत्र एक तर बिघडलं आहे किंवा बिनचूक आहे. बिघडलं असेल, तर त्याच्या मतावर युद्ध पुकारता येणार नाही. बिनचूक असेल, तर लोक काय म्हणतील ते त्यानं आत्ताच सांगितलं. माझ्या वतीनं यंत्राला विचारू नका, मला विचारा, असं. यातलं कोणतंही एक निवडा. मी दोन्हींवर सही करायला तयार आहे.”

विरोधी बाकावरून कोणी तरी हात वर केला आणि शांतपणे विचारले, “अध्यक्षांच्या प्रतिमनाचं मत ऐकायला मिळेल का?”

“ते खासगी—” कारखानिसांनी सुरुवात केली.

“बाकीच्यांचं नव्हतं?” यमुनाबाईंचा आवाज सातव्या बोगद्यातून थेट आला.

लोटलीकरांनी अध्यक्षांकडे पाहिले नाही. त्यांनी कळ दाबली, आणि कारखानिसांचा तो गोड, कमावलेला आवाज सगळ्या वस्तीत ऐकू गेला.

“माझ्या नावानं दुसरं कुणी निर्णय घेणार? मला न विचारता?” प्रतिमन म्हणाले. “कुणाची हिंमत झाली ही? आधी त्या माणसाला कामावरून काढा!”

त्यानंतर जो जल्लोष झाला, तो नवकुंडात त्याआधी कधी झाला नव्हता. माणसांनी ताटे वाजवली, नळांवर लोखंडी पाने आपटले, भिंतींतून गडगडाट निघाला. कारखानीस उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच बनवलेले असे काही नव्हते. त्यांनी रक्षकदलाच्या प्रमुखाला जवळ बोलावले आणि वाहक हलवायला सांगितले, असे नंतर कळले. प्रमुख सरळ उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, मी रक्षकदलाचा प्रमुख. मला हल्ला करायला सांगितलं आहे. पण कुणाच्या होकारानं, ते मला सांगता येईना. परतबोल पुरा होत नाही.” आणि सलाम करून तो निघून गेला.

लोटलीकर हेमांगीजवळ आले. तिला वाटले, म्हातारा खचला असेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते खरे.

“पाहिलंत?” ते म्हणाले. “शंभरातली एक्याण्णव! स्वतःच्या विरोधात गेलं, बाई, पण खोटं बोललं नाही. इतकं अचूक यंत्र आजवर झालं नसेल!”

“नाही झालं,” हेमांगी म्हणाली आणि तिने चक्क त्यांना मिठी मारली.

मग खरी पृच्छा निघाली. अधिकारी आपापली बाकडी घेऊन बोगद्याबोगद्यांत गेले. बैलगाडीच्या वेगाने लोक एकेक करून बसले, बोलले, उठले. चौकांत भांडणे झाली. दोन ठिकाणी ती हातघाईवर आली आणि एका ठिकाणी त्यातून लग्न ठरले. सहाव्या दिवशी चौकशी पथक विवरातून वर आले. उपसाकेंद्राची जुनी मुख्य नळी गोठून तडकली होती. ती बदलण्याची मागणी दोन वर्षे सरकारदरबारी पडून होती. रुद्रकड्याने तिला हातही लावला नव्हता. ज्यांनी आधीच मत दिले होते त्यांनी ते बदलून मागितले, आणि तीन दिवस अधिकाऱ्यांची तारांबळ उडाली. नवव्या दिवशी निकाल लागला. तिघांमागे दोघांनी नाही म्हटले होते. उरलेल्यांत काही नुसतेच हट्टी होते, आणि त्यांनाही तो हक्क होताच. महिन्याभरात कारखानीस पायउतार झाले.

निकालाच्या दिवशी कावेरी घरी आली ती पाठीवर बर्फाची लहानशी पेटी घेऊन. वाहकावरची तोफ काढून टाकली होती. ती खाली बसली, तेव्हा हेमांगीने तिचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि थोडा वेळ सोडलेच नाही.

“आई, पुरे. श्वास घेऊ दे.”

“एक सांग,” हेमांगी डोळे पुसत म्हणाली. “तू काय मत दिलंस?”

कावेरीने पेटीतला बर्फाचा तुकडा काढून तोंडात टाकला आणि आईकडे पाहत सावकाश चघळला.

“पृच्छा गुप्त असते,” ती म्हणाली.

प्रयोगशाळेत जाऊन कावेरीचे प्रतिमन उघडले असते, तर हेमांगीला ते एका पळात कळले असते. तिने पाने वाढायला घेतली. मुलीला काय वाटते हे तिला ठाऊक नव्हते, आणि कितीतरी दिवसांनी ती इतक्या आनंदाने जेवली.